खालून वर ऐका : सत्तरच्या दशकातले मागे राहिलेले हार्ड रॉक बँड कानात कसे बसवायचे

मागच्या दिवाळीत माझी भाची कोथरूडहून आली होती. तिनं मोबाईल टेबलावर ठेवला, त्यावर ग्राउंडहॉग्ज या इंग्लिश बँडचं एक गाणं लावलं आणि अर्ध्या मिनिटात बंद केलं. "मावशी, तू हे ऐकतेस? नुसती करकर आहे गं." मी तिला आतल्या खोलीत नेलं, तेच गाणं माझ्या स्पीकरवर लावलं आणि म्हटलं, गिटारकडे लक्षच देऊ नकोस, खाली काय चाललंय तेवढं ऐक. रेकॉर्डची ती बाजू संपेपर्यंत ती हलली नाही. मग तिनं दुसरी बाजूही लावायला लावली. त्या दिवशी तिला जे तोंडी सांगितलं, ते इथे नीट लिहून काढते आहे.

आमचं दुरुस्तीचं दुकान पुण्याच्या तपकीर गल्लीत होतं. नाना, म्हणजे माझे वडील, रेडिओ आणि लाउडस्पीकरचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचे. मी चौदाव्या वर्षापासून त्यांच्या शेजारी बसून डाख द्यायला शिकले. १९८१ साली कॅम्पातलं एक गिऱ्हाईक घर आवरून परदेशी चाललं होतं. त्यांनी बिलाच्या पैशांऐवजी सहा इंग्रजी रेकॉर्ड ठेवल्या. त्यातली एक ग्राउंडहॉग्जची 'स्प्लिट'. नानांचा जीव भीमसेनांच्या अभंगांत; पण ही रेकॉर्ड त्यांनी दुकानातच ठेवून घेतली, चाचणीसाठी. दुरुस्त झालेला प्रत्येक स्पीकर तिच्यावर तपासायचा. स्पीकरचा कोन, म्हणजे कागदी पडदा, कुठे फाटला असेल किंवा आतली तारेची कॉइल घासत असेल, तर ही रेकॉर्ड लगेच चुगली करायची. मी कान लावून बसले की नाना म्हणायचे, "वरचं राहू दे, खाली ऐक. खाली घासतंय का?" सात-आठ वर्षं मी हे संगीत असंच, खालून ऐकलं. पुढे असे बँड जमवायला लागले तेव्हा लक्षात आलं की ऐकायची हीच रीत बरोबर आहे.

त्यामुळे पहिलं काम यंत्राचं. मोबाईलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. बेस गिटारची, म्हणजे खालचे सूर देणाऱ्या गिटारची, सर्वांत खर्जाची तार साधारण ४१ हर्ट्‌झवर वाजते. मोबाईलच्या स्पीकरचा एवढासा पडदा त्याच्या आसपासही पोचत नाही. तबल्यातला डग्गा काढून घेतला आणि नुसता दायाँ ठेवला तर जे उरेल, तेच मोबाईलवर उरतं. या बँडांत बहुतेक वेळा तीन-चारच माणसं असतात, म्हणजे एक माणूस गेला की इमारतीचा एक खांबच गेला. महागडं काही लागत नाही. कान पूर्ण झाकणारे वायरचे साधे हेडफोन चालतील, किंवा जुने लाकडी पेटीतले दोन स्पीकर. स्पीकर भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे घ्या, नाहीतर खालचा आवाज फुगतो आणि एकेक सूर वेगळा कळत नाही.

आवाज किती ठेवायचा, तर गिटार ऐकून ठरवू नका. बेसवाल्याचा प्रत्येक सूर सुटा ऐकू येईल इतकाच मोठा करा आणि मग त्याला हात लावू नका. पेठेतल्या घरांना भिंतीला भिंत असते, रात्री दहानंतर हेडफोनच.

दुसरी गोष्ट त्या 'करकरी'ची. ती बिघाडाची नाही, हे आधी मनात पक्कं करा. त्या काळचे गिटारचे ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे. व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त सिग्नल दिला की लाटेचा माथा हळूहळू चपटा होत जातो, मूळ सुरात वरचे स्वर मिसळतात आणि सूर लांबतो, भरतो. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर मात्र लाट कात्रीनं कापल्यासारखी कापतो. मंडळाचा स्पीकर जास्त ताणल्यावर कानाला जो त्रास होतो तो त्याचा. दोन्हींना आपण करकरच म्हणतो, पण एकदा फरक ऐकलात की पुन्हा चुकणार नाही. गिटारचा एखादा लांब सूर धरा आणि तो संपताना ऐका. शेवटाकडे तो स्वच्छ होत गेला, तर व्हॉल्व्हचं काम ऐकू आलं.

आता सुरुवात कुठून. माझं मत ठाम आहे : बजी. वेल्समधल्या कार्डिफचा तिघांचा बँड. बर्क शेली बेस वाजवायचा आणि गायचाही, टोनी बूर्ज गिटारवर, रे फिलिप्स ड्रमवर. १९७१ चा पहिला अल्बम निर्माता रॉजर बेननं केला, ज्यानं ब्लॅक सॅबथचे पहिले तीन केले होते. तरी मी १९७३ चा 'नेव्हर टर्न युअर बॅक ऑन अ फ्रेंड' आधी लावायला सांगेन. पहिलंच गाणं 'ब्रेडफॅन', जे पुढे मेटॅलिका या अमेरिकन बँडनं वाजवलं म्हणून पुष्कळांना माहीत असतं. ते तीनदा लागोपाठ लावा. पहिल्या वेळी फक्त बेस. दुसऱ्या वेळी बेस आणि ड्रमचा पायाचा ठोका एकत्र पडतो की मागेपुढे, एवढंच. तिसऱ्या वेळी सगळं. तिसऱ्या वेळी ते गाणं दुप्पट मोठं झाल्यासारखं वाटतं. मग त्याच रेकॉर्डचं शेवटचं 'पेरेंट्स' ऐका, दहा मिनिटांचं, संथ. घाई काढून घेतल्यावर हीच तीन माणसं काय करतात ते कळतं. माझ्या मते बजीला मिळायला हवं होतं त्याच्या दहावा हिस्साही नाव मिळालं नाही.

बजी अंगवळणी पडला की ग्राउंडहॉग्जकडे या, पण त्याआधी ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ज्या संगीतातून रॉक आलं त्याचं, आवर्तन हातावर मोजायला शिका. हे आपल्याला सोपं जातं. बारा बार असतात, प्रत्येकात चार मात्रा. षड्जाला घर मानलं, तर चार बार सा वर, दोन म वर, पुन्हा दोन सा वर, मग एक प वर, एक म वर आणि शेवटचे दोन सा वर. टाळी देत मोजा. कुठल्याही संथ ब्लूजवर पंधरा मिनिटं मोजलंत की बाराव्या बारनंतर सम आपोआप अंगात येते. हे जमल्यावरच हेवी ब्लूजवाल्यांनी काय मोडलं ते कळतं. ग्राउंडहॉग्जचे गिटारवाले टोनी मॅकफी आणि मंडळी १९६४ मध्ये अमेरिकन ब्लूज गायक जॉन ली हूकर इंग्लंडला आला तेव्हा त्याच्या साथीला होती. बँडचं नावही हूकरच्या गाण्यावरून घेतलेलं. हूकर बाराचा हिशेब पाळायचा नाही. मनात येईल तेव्हा घर बदलायचा, किंवा बदलायचाच नाही. त्याला साथ करायची म्हणजे त्याच्या पायाकडे आणि चेहऱ्याकडे बघत वाजवायचं. त्यातून मॅकफी एकाच स्वरावर तळ ठोकून बसायला शिकला असणार, असं मला वाटतं.

'स्प्लिट' १९७१ चा. इंग्लंडच्या खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला होता, त्यामुळे त्याला तेव्हा अनोळखी म्हणता आलं नसतं. आज मात्र आपल्याकडे नाव काढलं तर कुणाला ओळख पटत नाही. पहिली बाजू चार भागांचं एकच काम आहे. मॅकफीला आदल्या वर्षी भीतीचा मोठा झटका आला होता, मन दुभंगल्यासारखं झालं होतं, त्यावर ते लिहिलेलं. ही बाजू तुकड्यांत ऐकायची नाही. जेवण उरकून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, वीस मिनिटं बसा. पीट क्रुकशँकचा बेस धरून ठेवा. वरची गिटार भरकटते, किंचाळते, तुटते. बेस तिला सोडत नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी मॅकफी एकटाच हूकरचं 'ग्राउंडहॉग' वाजवतो. अर्ध्या तासाहून जास्त धबडग्यानंतर एक माणूस, एक गिटार. त्याच्या आधीचं सगळं कुठून आलं ते तिथे उघडं दिसतं. नाना हे शेवटचं गाणं चाचणीला वापरायचे नाहीत, कारण त्यात खालचा आवाज फारसा नाही. पण दुकान बंद करताना कधी कधी तेच लावायचे.

यानंतर एक गंमत करा. ॲटॉमिक रूस्टरचा १९७० चा 'डेथ वॉक्स बिहाइंड यू' लावा आणि बेस गिटार शोधा. सापडणार नाही. त्या रेकॉर्डवर बेसवाला नाहीच. व्हिन्सेंट क्रेन हॅमंड ऑर्गन वाजवता वाजवता डाव्या हातानं आणि पायाच्या पट्ट्यांवर खालचे सूर भरतो. तारेचा खालचा सूर ठोका बसताच मोठा होतो आणि मग उतरतो. ऑर्गनचा सूर पट्टी सोडेपर्यंत तसाच उभा राहतो. हा फरक ओळखता आला की तुमचे कान तयार झाले. कव्हरवर विल्यम ब्लेकचं चित्र आहे, रांगणाऱ्या नेबुखद्‌नेझर राजाचं.

अमेरिकेतले दोन ऐकाच. कॅक्टसचे टिम बोगर्ट आणि कारमाइन ॲपिस गिटारवाल्या जेफ बेकबरोबर बँड काढणार होते, पण बेकचा मोटार अपघात झाला, म्हणून कॅक्टस निघाला. १९७० च्या पहिल्या रेकॉर्डची सुरुवातच मोझ ॲलिसनच्या 'पार्चमन फार्म'नं होते, आणि ती चाल अशी पळवली आहे की पहिल्यांदा ऐकताना मोजदाद सुटतेच. दुसरा कॅप्टन बियाँड, १९७२. डीप पर्पलचा पहिला गायक रॉड एव्हन्स, आयर्न बटरफ्लायमधले दोघं आणि ड्रमवर बॉबी कॉल्डवेल. गाणी एकमेकांत मिसळत जातात आणि सम कुठे पडते ते पहिल्या दोन-तीन वेळा सापडत नाही. सापडेपर्यंत टाळी देत राहा.

जपानच्या फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडचा 'सातोरी', १९७१, मी मुद्दाम उशिरा ठेवला आहे. पाच भाग आहेत. हिदेकी इशिमाची गिटार ऐकताना आपल्या कानाला काहीतरी ओळखीचं लागतं.

आपल्याकडेही हे वारं आलं होतं. सिमला बीट स्पर्धेतल्या बँडांच्या १९७० आणि १९७१ च्या एलपी आहेत, मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्टची एकच एलपी आहे. १९७१ मध्ये तर इथे जवळच, लोणावळ्याच्या अलीकडे मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा खुल्या मैदानातला रॉक महोत्सव झाला होता. लोकलनं जाताना मळवली स्टेशन आलं की मी अजून खिडकीतून बघते.

रेकॉर्डवर ऐकायचं असेल तर थोडं जपायला लागतं. जुन्या बाजारात बुधवारी, रविवारी रेकॉर्डचे गठ्ठे असतात, पण त्यात हिंदी सिनेमाच जास्त. वीस वर्षांत मला तिथे या जातीच्या दोनच मिळाल्या. त्यामुळे नव्यानं काढलेली प्रत घ्या. लीफ हाउंडच्या 'ग्रोअर्स ऑफ मशरूम'ची १९७१ ची मूळ प्रत लाखांच्या घरात जाते, आणि संगीत नव्या प्रतीतही तेच आहे. जुनी घेतलीत तर उजेडात तिरकी धरून बघा. बोटाला न लागणारी केसासारखी रेघ चालते, नखाला अडकणारी चालत नाही.

पुण्याच्या पावसाळ्यात रेकॉर्डवर पांढरी बुरशी धरते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबरचं फडकं, आणि हात नेहमी खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा नाही. मधलं लेबल कोरडं ठेवा. परत साध्या डिस्टिल्ड पाण्यानं पुसा आणि भांड्यांच्या जाळीत उभी करून वाळवा. गरम पाणी कधीही नाही. १९९४ साली मी एकदा कोमटाऐवजी कढत पाणी घेतलं आणि ट्रॅपीझच्या 'मेड्युसा'ची कड पापडासारखी उचलली. ग्लेन ह्यूजचा आवाज आणि त्याचाच बेस, दोन्ही गेले. ती प्रत पुन्हा मिळायला अकरा वर्षं लागली.

टर्नटेबल टेबलावर ठेवू नका. आमच्या वाड्याला लाकडी तक्तपोशी होती, कुणी चाललं की सुई उडायची. नानांनी भिंतीत कडप्प्याची फरशी बसवून त्यावर प्लेयर ठेवला, आजही माझा तिथेच आहे. सुईचा भार बहुतेक मॅग्नेट कार्ट्रिजना, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीला, दीड ते दोन ग्रॅम लागतो; कंपनीनं दिलेला आकडा बघून लावा. हलकी सुई जास्त सुरक्षित असं वाटतं, पण खालच्या सुरांच्या खाचा हेलकावे घेणाऱ्या असतात, हलकी सुई त्यातून उडते आणि खाचेची भिंत खरवडते.

पुढे काय ऐकायचं हे मला विचारू नका, कव्हरची मागची बाजू विचारा. बँडचं नाव सोडा आणि माणसाचं नाव धरा. लीफ हाउंडचा गायक पीटर फ्रेंच पुढे ॲटॉमिक रूस्टरमध्ये सापडेल, मग कॅक्टसमध्ये. चिकन शॅकच्या १९७२ च्या 'इमॅजिनेशन लेडी'वर बेस वाजवणारा जॉन ग्लासकॉक नंतर जेथ्रो टलमध्ये गेला. सॅव्हॉय ब्राउनमधून तिघं बाहेर पडले आणि फॉगहॅट झाले. ब्रुकलिनच्या डस्टचा पोरगेला ड्रमर मार्क बेल पुढे रामोन्स या बँडचा मार्की रामोन म्हणून जगाला माहीत झाला. भाचीनं आता एक वही केली आहे. त्यात बँड नाहीत, फक्त बेस आणि ड्रम वाजवणाऱ्यांची नावं आहेत, आणि नावापुढे बाण काढून ते पुढे कुठे गेले ते लिहिलं आहे. परवा तिचा फोन आला, ट्रॅपीझचा ड्रमर डेव्ह हॉलंड तिला जुडास प्रीस्ट या बँडच्या पानावर सापडला होता.