अथेन्सच्या प्राचीन भांड्याचा काळ कसा ओळखायचा

संग्रहालयात ग्रीक भांडं पाहताना नजर आधी चित्रातल्या देवांकडे आणि योद्ध्यांकडे जाते. काळ ओळखायचा असेल तर कथा बाजूला ठेवा आणि रेघ कशी काढली आहे ते पाहा.

आकृत्या काळ्या आणि जमीन (मागची पार्श्वभूमी) नारिंगी असेल, तर ती काळी आकृती शैली. कॉरिंथ या ग्रीक शहरात ती इ.स.पू. ७००च्या सुमारास सुरू झाली आणि इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस अथेन्समध्ये रुजली. हिच्यात केस, स्नायू, कपड्यांच्या चुण्या टोकदार हत्याराने कोरलेल्या असतात, म्हणून काळ्या लेपातून खालची माती दिसते. स्त्रियांच्या अंगावर काळ्यावरून पांढरा रंग देत. तो रंग पुढे झडतो, त्यामुळे काळा चेहरा दिसला की पुरुषच, असं धरू नका. डोळा तपासा: पुरुषाचा बहुधा गोल, स्त्रीचा बदामी.

आकृत्या नारिंगी आणि जमीन काळी असेल, तर लाल आकृती शैली, म्हणजे साधारण इ.स.पू. ५३० नंतरचं काम. इथे कोरण्याऐवजी कुंचला आला. तिरप्या उजेडात पाहिलंत तर मुख्य रेघा किंचित उठलेल्या दिसतात. पातळ केलेल्या लेपाच्या तपकिरी रेघा स्नायूंसाठी असतात. काळ आणखी नेमका हवा असेल तर पुन्हा डोळाच पाहा. चेहरा बाजूने काढलेला असूनही डोळा समोरून पाहिल्यासारखा असेल, तर काम आधीचं. पाचवं शतक पुढे सरकतं तसा तो नाकाच्या बाजूने उघडत जातो आणि खरोखर बाजूने पाहिल्यासारखा होतो.

एक ठिकाण हमखास फसवतं. अथेन्समध्ये अथेना देवीच्या उत्सवात होणाऱ्या पॅनअथेनाइक स्पर्धांमध्ये विजेत्यांना ऑलिव्ह तेलाने भरलेले अँफोरा, म्हणजे दोन कानांचे उंच रांजण, देत, आणि लाल शैली आल्यावरही ते शतकानुशतकं काळ्या शैलीतच रंगवले गेले. एका बाजूला शस्त्रधारी अथेना, दुसऱ्या बाजूला खेळ, हे दिसलं की निव्वळ शैलीवरून काळ ठरवू नका. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या अशा अनेक भांड्यांवर त्या वर्षाच्या आर्कॉन या अधिकाऱ्याचं नाव असतं, त्यावरून थेट वर्ष मिळतं. इतका पक्का पुरावा भांड्यांच्या अभ्यासात क्वचित हाती लागतो.

काळ्या भागावर लालसर डाग दिसला तर तो डागडुजीचाच असेल असं नाही. भांडं आणि लेप, दोन्हींत लोह असतं. भट्टीत आधी हवा सोडत, तेव्हा सगळं लाल होई. मग झरोके बंद करून ओलं लाकूड टाकत. ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास सगळं काळं पडे आणि बारीक कणांचा लेप काचेसारखा घट्ट होई. शेवटी पुन्हा हवा सोडली की सच्छिद्र माती लाल होई, घट्ट लेप काळाच राही. मधल्या टप्प्यात शेजारचं भांडं टेकलं किंवा उष्णता कमी पडली, की तेवढा भाग लाल किंवा तपकिरी राही. डागडुजीचा रंग वेगळा कळतो: तो तडा ओलांडून सपाट पसरतो आणि त्याची चमक शेजारच्या लेपाशी जुळत नाही.