स्टॅटिक रूट टाकताना या चुका टाळा

स्टॅटिक रूट म्हणजे कोणत्या नेटवर्ककडे कुठून जायचं ते राउटरला हातानं लिहून देणं, आणि पिंग म्हणजे समोरचा पत्ता उत्तर देतो का ते बघणारी चाचणी. "रूट टाकलाय, तरी पिंग होत नाही." असं कुणी म्हटलं की मी पहिलं विचारतो, समोरच्या राउटरवर परतीचा रूट टाकला का? "तिकडे कशाला?" हे ठरलेलं उत्तर. अहो, पॅकेट पोचेल, पण उत्तर कुठून परत पाठवायचं हे त्या राउटरला कोण सांगणार? तुमच्या लॅनचा (ऑफिसातल्या आतल्या नेटवर्कचा) रूट नसेल तर तो उत्तर डिफॉल्ट रूटवर, म्हणजे दुसरा रूट न सापडल्यास वापरायच्या वाटेवर, ढकलतो. डिफॉल्टही नसेल तर टाकून देतो.

राउटरवरून मारलेलं पिंग इथे हमखास फसवतं. राउटर बाहेर पडणाऱ्या इंटरफेसचाच आयपी सोर्स म्हणून लावतो आणि ते नेटवर्क समोरच्याला थेट जोडलेलं असतं, म्हणून उत्तर येतं. पीसी मात्र अडकलेलाच. सोर्स म्हणून लॅनचा इंटरफेस देऊन केलेलं पिंगच मी धरतो.

दुसरी चूक याहून चिडचिड करायला लावणारी: जुना रूट न काढणं. एका ऑफिसात लिंक बदलली, नव्या नेक्स्ट हॉपचा (वाटेतल्या पुढच्या राउटरचा) रूट टाकला आणि जुना तसाच राहिला. सिस्कोच्या राउटरवर नवा रूट जुन्याला पुसत नाही, दोघेही राउटरच्या रूटच्या यादीत, म्हणजे टेबलात, बसतात. ट्रॅफिक सोर्स-डेस्टिनेशनच्या जोडीनुसार वाटलं जातं, त्यामुळे एका पीसीवरून सर्व्हर लागत होता, शेजारच्यावरून नाही. मी पोचेपर्यंत केबल आणि स्विचचे पोर्ट बदलून झाले होते, एका पीसीवर तर विंडोज नव्यानं टाकायला घेतलं होतं. हे टेबल दाखवणारी 'शो आयपी रूट' कमांड मात्र कुणी मारली नव्हती. त्यात एकाच नेटवर्कखाली दोन नेक्स्ट हॉप ढळढळीत दिसत होते. व्हिडिओ बघून कमांड चिकटवणाऱ्यांना टेबल वाचायचा भारी कंटाळा.

मी नवी ओळ आधी टाकतो, तपासतो, मग जुनीच ओळ कॉपी करून तिच्या सुरुवातीला 'नो' लावून ती काढतो. दूरवरून लॉगिन असेल तर त्याआधी 'रीलोड इन १०', म्हणजे चुकून लॉगिन तुटलं तरी दहा मिनिटांनी राउटर रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या जुन्या सेटिंगवर येतो. काम झाल्यावर ते रद्द करायला विसरू नका, आणि सेव्ह शेवटीच करा.

मास्कच्या (नेटवर्क किती मोठं ते सांगणाऱ्या आकड्याच्या) जागी वाइल्डकार्ड, म्हणजे त्याचं उलटं रूप, लिहू नका. /२६ म्हणजे २५५.२५५.२५५.१९२.

इथरनेटवर रूटमध्ये नुसता इंटरफेस देऊन मोकळे होऊ नका. राउटर प्रत्येक पत्त्यासाठी एआरपी (या आयपीचा हार्डवेअर पत्ता कोणता, हा प्रश्न) विचारत बसतो आणि सगळं शेजाऱ्याच्या प्रॉक्सी एआरपीवर, म्हणजे त्यानं दुसऱ्याच्या वतीनं उत्तर देण्यावर, लटकतं. नेक्स्ट हॉपचा आयपी द्या.

दोन राउटरचे डिफॉल्ट रूट एकमेकांकडे वळवले, तर अनोळखी पत्त्याचं पॅकेट टीटीएल (पॅकेटला उरलेल्या उड्यांचा आकडा) संपेपर्यंत त्यांच्यातच फिरतं.

बॅकअप रूटला डिस्टन्स (रूटचा पसंतीक्रम, आकडा कमी तो आधी) जास्त द्या, मी २०० देतो. स्टॅटिकचा मूळ १ असतो. पण मध्ये स्विच असेल तर पलीकडची लिंक तुटूनही तुमचा पोर्ट अपच राहतो, मुख्य रूट हलत नाही आणि बॅकअप बसून राहतो. तिथे पलीकडचं सतत तपासणारं आयपी एसएलए आणि त्याच्या निकालावर रूट काढणारं ट्रॅक लागतंच. चाचणी घेताना आपल्या राउटरची केबल उपटू नका, लिंक स्विचच्या पलीकडे तोडून बघा.