जास्वंदीवरचा कापूस

जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखं पांढरं काही चिकटलेलं दिसलं, पानं आकसली, कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या, तर तो पिठ्या ढेकूण. औषध शोधण्याआधी खोडाकडे बघा. मुंग्यांची रांग वर चाललेली असणार. ढेकणाच्या अंगातून झरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला अक्षरशः सांभाळतात, शत्रू जवळ येऊ देत नाहीत. ही रांग तुटली नाही तर फवारणी वाया जाते. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा, फांद्या भिंतीला टेकू देऊ नका.

जास्त किडलेले शेंडे सरळ छाटून पिशवीत बांधून टाका. बाकीच्या फांद्या जुन्या टूथब्रशने घासा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड सोप घालून, उन्हं उतरल्यावर फवारा. पानांची खालची बाजू आणि बेचके चुकवू नका, अंडी तिथंच असतात. दर आठवड्याला, निदान तीनदा.

एक गंमत: त्या गर्दीत मोठा, झिपऱ्या, भराभर पळणारा पांढरा किडा दिसला तर हात आवरा. ती बहुधा क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी, ढेकणंच खाते. ती दिसली की मी तेलाची बाटली परत कपाटात ठेवते.