बाळाला कुशीत घ्यायच्या आधी अंथरूण बघा

बाळंतिणीपासून बाळ वेगळं झोपवायचं, हे आपल्याकडच्या बहुतेक घरांत कुणाला पटत नाही. त्यात तथ्य आहे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मॅकेना यांनी 1990च्या दशकात आई-बाळाच्या जोड्या झोपेच्या प्रयोगशाळेत रात्रभर निरखल्या. शेजारी झोपलेलं बाळ जास्त वेळा अंगावर पितं, दोघांची झोप सावध राहते, एकाच्या चुळबुळीने दुसरं जागं होतं. तरी अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना निदान पहिले 6 महिने खोली एक, अंथरूण वेगळं असंच सांगते. सर्वांत सुरक्षित तेच: हाताच्या अंतरावर बाळाची वेगळी गादी. पण पाजताना आईचा डोळा लागतोच, म्हणून तयारी हवी.

आधी ठरवा, कुशीत घ्यायचं का. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, घरात कुणी सिगारेट-विडी ओढत असेल, आईने गरोदरपणी ओढली असेल, अंथरुणातल्या कुणी दारू किंवा झोप आणणारं औषध घेतलं असेल, तर नाही. इथे तडजोड नको.

मग गादी. जमिनीवरची घट्ट गादी उत्तम. पडायची भीती नाही. तळहाताने दाबून बघा, खळगा तसाच राहिला तर ती बाळासाठी नाही. पलंग आणि भिंतीत फट नको. सोफ्यावर मात्र पाजत झोपूच नका. तिथली डुलकी सर्वांत घातक.

आता अंथरूण रिकामं करा. गोधडी, लोड, मऊ खेळणी बाहेर. डोक्याला आकार यावा म्हणून ठेवलेली मोहरीची उशीसुद्धा (आजी रुसेल, रुसू दे). गळ्यातला काळा दोरा काढा, टोपडं काढा, दुपट्यात घट्ट गुंडाळू नका. स्वतःचे मोकळे केस बांधा. मोठं भावंड बाळाच्या शेजारी नको.

झोपायचं कसं? कुशीवर. बाळाचं तोंड छातीच्या पातळीला, उशीपासून दूर. खालचा हात बाळाच्या डोक्याच्या वर, गुडघे त्याच्या पायांखाली दुमडलेले. पाजणाऱ्या आया आपसूकच अशा कमानीत निजतात. त्यामुळे बाळ वर उशीकडे किंवा खाली पांघरुणात सरकत नाही. पांघरूण तुमच्या कमरेपर्यंतच. पिऊन झालं की बाळाला उताणं करा, पालथं कधीच नाही. पहाटेपर्यंत खांदा आखडतो. दुसऱ्या अंगावर घेताना तुम्ही कूस बदला आणि बाळालाही त्या बाजूला घ्या.