साठीनंतर तोल सांभाळण्यासाठी पावली कशी करावी

घरातलं म्हातारं माणूस पडलं की सगळे म्हणतात, पाय घसरला. बहुतेकदा तसं नसतं. कॅनडातल्या दोन वृद्धनिवासांत कॅमेऱ्यांनी टिपलेले पडण्याचे २२७ प्रसंग संशोधकांनी तपासले. निष्कर्ष २०१३ साली आले. त्यात घसरून पडणं जेमतेम ३ टक्के होतं. ४१ टक्के वेळा कारण वेगळंच निघालं: शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेताना झालेली गडबड. वळताना, मागे सरकताना, बेल वाजली म्हणून लगबगीने उठताना हेच होतं.

या भार पालटण्याचा सराव नाचात आपसूक होतो. मात्र कुठलाही नाच चालतो असं नाही. सिडनीच्या २३ निवृत्तिनिवासांत वर्षभर लोकनृत्याचे आणि बॉलरूम नृत्याचे वर्ग चालवले, तरी पडणं कमी झालं नाही. उलट जिनिव्हात पासष्टीपुढच्या १३४ जणांवर केलेल्या प्रयोगात आठवड्याला एकच तास पियानोच्या लयीवर चालायचं होतं. लय बदलली की पावलं बदलायची, मधूनच हातात काहीतरी सांभाळायचं. सहा महिन्यांत पडण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलं. मला यातून दिसतं ते असं, की एकदा पाठ झालेल्या पावलांना डोकं लागत नाही. अवचित बदलणाऱ्या लयीला लागतं. आणि चालता चालता लक्ष दुसरीकडे गेलं की तोल जातो, हे तर आपण घरोघरी बघतोच.

आपल्याकडे वारकऱ्यांच्या पावलीत हे सगळं आहे. पुढे-मागे पडणारी पावलं, हातात टाळ, तोंडाने नाम, आणि चढत जाणारी लय. दिंडीतली पावली कसलेल्या पायांची असते; खाली दिलेली तिची घरगुती, सोपी आवृत्ती आहे.

सुरू करण्याआधी

गेल्या वर्षभरात पडला असाल, उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, सांधा बदलला असेल किंवा बीपीच्या वा झोपेच्या गोळ्या नुकत्याच बदलल्या असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला.

मग स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उभे राहा. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून पावलं एका रेषेत ठेवा आणि हात ओट्यावरून उचला. १० सेकंद टिकलं नाही तर पडण्याचा धोका जास्त आहे असं समजायचं. अशांनी पावली करूच नये असं नाही, पण एक हात ओट्यावरच ठेवावा आणि सोबतीला कुणीतरी असावं.

जागा कोरडी हवी. पायपुसणी आणि सुट्या सतरंज्या उचलून ठेवा. नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर नाचू नका, मागून सुटी असलेली चप्पलही नको. पायाला घट्ट बसणारे, न घसरणारे बूट बरे. साडीच्या निऱ्या चार बोटं वर खोचा. चाकं नसलेली मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून हाताशी ठेवा.

पहिला आठवडा: नुसतं डुलणं

खुर्चीत बसून टाळ्या वाजवत टाचा आपटा, अंग गरम होईल. मग उभे राहा, पायांत वीतभर अंतर ठेवा आणि भजनाच्या ठेक्यावर भार उजव्या पायावर न्या, मग डाव्यावर. भार पूर्ण गेला का, हे ओळखायची खूण सोपी आहे: दुसऱ्या पायाची टाच सहज उचलता आली पाहिजे. बरेच जण इथे कमरेतून नुसते वाकतात आणि भार मध्येच राहतो.

मग पावली

चारच्या मोजणीत करायची. एकला उजवा पाय पुढे, दोनला डावा जागच्या जागी, तीनला उजवा मागे, चारला डावा पुन्हा जागेवर. मागे टाकताना आधी चवडा टेकवा, मग टाच. नजर समोर, पायांकडे नको. दोनेक मिनिटांनी डाव्या पायाने सुरुवात करा. जमलं की बाजूची पावलंही घ्या: उजवा बाजूला, डावा त्याच्याजवळ, आणि परत. ही कंटाळवाणी वाटतात म्हणून टाळू नका. कुशीवर पडल्यावरच खुब्याचं हाड मोडायची भीती जास्त असते.

खरी कसरत इथून पुढे

आता बदल आणायचे. घरातल्या कुणीतरी मध्येच गाणं थांबवावं, थांबलं की जागीच थबकायचं. टाळी वाजली की दिशा बदलायची. पावली चालू ठेवून पंढरीच्या वाटेवरची गावं उलट्या क्रमाने म्हणायची, किंवा नातवाला शंभरातून सात-सात वजा करून दाखवायचे.

ठेका बदलून बघा, त्यात फार गंमत आहे. केरवा हा ताल आठ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांचा, विभाग चार-चारचे; प्रत्येक मात्रेला एक पाऊल टाकलं की सम (तालाची पहिली मात्रा) आणि 'खाली' (दुसऱ्या विभागाची पहिली मात्रा) दोन्ही उजव्या पायावर येतात. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचा. तिथं समेला उजवा असला तर 'खाली'ला डावा येतो. सवयीच्या पायांचा गोंधळ उडतो आणि नेमका तोच सराव हवा असतो. मात्र हे खुर्चीची पाठ धरूनच.

भजन रंगलं की लय चढते आणि माणूस भान विसरतो. घरी ती चढू देऊ नका. बोलताना धाप लागली की वेग कमी करा. फुगडी, गिरक्या, उड्या पूर्णपणे वर्ज्य.

किती करायचं

जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम सांगते. १० मिनिटांपासून सुरू करून हळूहळू अर्ध्या तासावर या. नुसत्या नाचाने मांड्यांत पुरेसं बळ येत नाही, म्हणून शेवटी हातांचा आधार न घेता खुर्चीतून आठ-दहा वेळा उठबस करा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा.

छातीत दुखलं, डोकं गरगरलं, दम लागला की लगेच बसा. दुखणं थांबलं नाही तर दवाखाना गाठा. आणि मध्ये कधी पडलात, खरचटलंसुद्धा नाही, तरी ते घरच्यांपासून लपवू नका, डॉक्टरांना सांगा. बऱ्याचदा दोष पायांचा नसून गोळ्यांचा किंवा चष्म्याच्या नंबराचा निघतो.