क्राऊन-पिनियन बदलल्यानंतर पिकअप ट्रकचे ट्यूनिंग नव्याने कसे बसवावे

ट्रेलर ओढण्यासाठी किंवा मोठे टायर चढवल्यावर मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो (क्राऊन हे मोठे दातेरी चाक आणि त्याला फिरवणारे पिनियन हे लहान चाक यांच्या दात्यांचे प्रमाण) वाढवणे ही अमेरिकेतील पिकअपवाल्यांची जुनी रीत आहे, आणि तिथे स्थायिक झालेल्या आपल्यातील हौशी मंडळींनाही ती आता परकी राहिलेली नाही. गिअर बसवणारा कारागीर बॅकलॅश (दात्यांमधली सैल जागा) तपासतो, तेल भरतो आणि गाडी हातात देतो. गाडीच्या संगणकात नवा रेशो भरण्याचा हिशेब मात्र बहुधा मालकावरच येतो. पुढील विवेचनासाठी शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० घेऊ: ५.३ लिटरचे इंजिन, ४एल६०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, २६५/७०आर१७ मापाचे टायर, आणि ३.४२ ऐवजी बसवलेला ४.१० रेशो. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल, तर पुढच्या अ‍ॅक्सलचा रेशोही बदलला गेल्याची खात्री आधी करून घ्यावी.

रेशो म्हणजे क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते. ४१ आणि १२ दात्यांची जोडी ३.४२ देते, ४१ आणि १० ची ४.१०. हाउसिंगवर लटकलेल्या, रेशो कोरलेल्या पत्र्याच्या पट्टीवर विसंबू नये, कारण गिअर बदलले तरी जुनी पट्टी अनेकदा तशीच राहते. शंका असल्यास पुढच्या चाकांना उटी (चाक अडवणारा ठोकळा) लावावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हँडब्रेक सोडावा आणि मागचे एकच चाक घोडीवर उचलावे. लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना बऱ्याच अंशी एकत्र फिरवणारी रचना) नसलेल्या अ‍ॅक्सलमध्ये ते चाक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले की क्राऊनचा एक फेरा होतो. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या लांब दांड्याचे) चार फेरे आणि वर थोडेसे झाले, तर रेशो ४.१० च्या आसपास आहे.

टायरचे मापही कागदावरून घेऊ नये. २६५/७०आर१७ चा व्यास हिशेबाने ३१.६ इंच येतो, पण वजनाखाली टायर थोडा दबतो. म्हणून हवेचा दाब नेहमीचा ठेवून, चालक आत बसलेला असताना टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करावी, गाडी चाकाच्या एका फेऱ्याइतकी सरळ पुढे न्यावी आणि अंतर फीतीने मोजावे.

या गाडीत वेगाचा सेन्सर मागच्या चाकावर नसून गिअरबॉक्सच्या बाजूला, अ‍ॅक्सलच्या आधी असतो. त्यामुळे रेशो वाढला आणि संगणकाला तो कळवला नाही, तर खरा वेग ताशी ६० मैल असताना स्पीडोमीटरचा काटा ७२ दाखवतो आणि ओडोमीटरही त्याच प्रमाणात जादा मैल नोंदवतो. काही जण रेशोला हात न लावता टायरचे खोटे माप भरून काटा जुळवतात. मला हा मार्ग मुळीच पटत नाही. एबीएसचे सेन्सर चाकांवर असतात, त्यांच्यावर रेशोचा परिणाम होत नाही, आणि टायरचे तेच माप इतरत्र वापरले गेल्यास एक चूक झाकताना दुसरी निर्माण होते.

खरी गोम पुढे आहे. रेशो दुरुस्त करण्यापूर्वी गाडी गिअर अगदी पूर्वीसारखे बदलते, आणि काटा बरोबर झाला की नेमके शिफ्ट बिघडते. याचे कारण असे की शिफ्टची टेबले, म्हणजे कोणत्या वेगाला गिअर बदलायचा हे संगणकाला सांगणारे तक्ते, गाडीच्या वेगावर, म्हणजे ताशी मैलांवर, बेतलेली असतात. जुन्या रेशोवर पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे मिनिटाला ५६०० फेरे होताना वेग साधारण ५० मैल असे. आता तेवढेच फेरे ४२ मैलांवर होतात. टेबलात मात्र ५० च लिहिलेले आहे, आणि ५० मैलांना सुमारे ६६७० फेरे लागतील. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन त्याआधीच रेव्ह लिमिटरवर (फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवर) जाऊन अडखळते आणि मालक बिचारा इग्निशन टायमिंगला दोष देतो. इंधन आणि टायमिंगच्या टेबलांना यात हात लावण्याचे कारण नाही.

टायर तेच असतील, तर शिफ्टचा प्रत्येक वेग ३.४२ भागिले ४.१०, म्हणजे ०.८३४ ने गुणावा. टायरही बदलले असतील, तर त्या गुणाकाराला नवा व्यास भागिले जुना व्यास यानेही गुणावे. वरच्या गिअरमध्ये जाण्याची आणि खाली येण्याची, दोन्ही टेबले एकाच प्रमाणात बदलावीत. एकच बदलल्यास दोहोंतील अंतर बिघडते आणि चढावर गाडी दोन गिअरांमध्ये घुटमळत राहते. टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपचे (इंजिन आणि गिअरबॉक्स घसरण न होता थेट जोडले जाण्याचे) वेगही याच हिशेबाने उतरवावेत, मात्र नेहमी ट्रेलर ओढणाऱ्याने अर्ध्या थ्रॉटलच्या वरचे आकडे थोडे चढेच ठेवावेत, असे माझे मत आहे.

संगणकात भरलेल्या कमाल वेगाच्या मर्यादेचा विचार फार थोडे लोक करतात. ताशी ९० मैलांना प्रोपेलर शाफ्ट पूर्वी मिनिटाला सुमारे ३२७० फेरे घेत असे, आता ३९२० च्या घरात घेतो. लांब शाफ्ट ठरावीक फेऱ्यांपलीकडे थरथरू लागतो, म्हणून आधीच्या ट्यूनमध्ये वेगाचा लिमिटर वाढवलेला असेल, तर तो खाली आणणे भाग आहे.

बदललेल्या आकड्यांची फाइल केबलने गाडीच्या संगणकात चढवण्यापूर्वी मूळ स्टॉक फाइलची प्रत जपून ठेवावी, बॅटरीला चार्जर जोडावा, पंखा आणि दिवे बंद करावेत, आणि चावी चालू पण इंजिन बंद अशा स्थितीत काम संपेपर्यंत केबलला हात लावू नये. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की जुलै २०२१ पासून तेथील स्मॉग (धुराच्या प्रदूषणाच्या) तपासणीत इंजिनाच्या संगणकातील सॉफ्टवेअरही तपासले जाते, आणि ते मूळचे किंवा तेथील हवा-प्रदूषण नियामक मंडळाने मान्य केलेले नसल्यास गाडी नापास होते.

त्यानंतर सपाट महामार्गावर ६० मैलांचा स्थिर वेग धरून, सोबत बसलेल्या माणसाकडून जीपीएसवरील आकडा वाचून घ्यावा आणि कडेच्या मैलांच्या खुणांवर दहा मैलांचे ओडोमीटर पडताळावे. पूर्ण थ्रॉटलची चाचणी मात्र लगेच करू नये. नव्या क्राऊन-पिनियनला पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे हलके चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे, पहिले ५०० मैल ट्रेलर जोडू नये, आणि मग डिफरन्शियलचे तेल बदलून शिफ्टचे फेरे नोंदवण्यासाठी गाडी मोकळ्या, खासगी ट्रॅकवर न्यावी.