प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डची जोडी: कार्डाला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात तो आकडा) जागचा हलला नाही, ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा येते की हल्ली मी पूर्ण ऐकूनही घेत नाही. माझा प्रश्न ठरलेला असतो, "प्रोसेसर कोणता?" त्यावरचं उत्तरही ठरलेलंच. "आय७ आहे ना!" कितव्या पिढीचा ते कोणी आपणहून सांगत नाही. खोदून विचारलं की जरा वेळ शांतता, आणि मग हळूच, "तिसऱ्या."

मला ज्या चुका सगळ्यात जास्त छळतात त्या आधी घेतो. बाकीच्या शेवटी उरकून टाकू.

बॉटलनेकचे टक्के काढत बसणं

बॉटलनेक म्हणजे एका पार्टमुळे दुसरा अडून राहणं. इंटरनेटवर बॉटलनेक कॅल्क्युलेटर नावाचा एक प्रकार आहे. प्रोसेसर निवडा, कार्ड निवडा, बटण दाबा, खाली "१८ टक्के बॉटलनेक" असं लाल अक्षरात येतं. पोरं त्याचा स्क्रीनशॉट घेऊन अशी येतात, जणू पत्रिका दाखवायला आलीत. किती गुण जुळले, पुढे बोलणी करायची का? मी एवढंच विचारतो, की हे १८ टक्के कोणत्या गेमचे? कोणत्या रिझोल्यूशनचे? ते त्या कॅल्क्युलेटरलाच माहीत नसतं.

खरा हिशोब सोपा आहे. प्रत्येक फ्रेममागे दोघांचं काम असतं. शत्रू कुठे आहे, गोळी कोणाला लागली, भिंत कोसळली की नाही हे प्रोसेसर ठरवतो आणि काय काय काढायचं याची यादी कार्डाकडे पाठवतो. कार्ड ते चित्र काढतं. समजा प्रोसेसरला एका फ्रेमला १० मिलिसेकंद लागतात. मग सेकंदाला १०० फ्रेमच्या वर तो जाऊच शकत नाही, पुढे कार्ड कितीही महागाचं लावा. तेच कार्ड १०८०पी (फुल एचडी) वर आपलं काम ५ मिलिसेकंदांत उरकत असेल, तर उरलेला अर्धा वेळ ते रिकामं बसून असतं. आता तोच गेम फोर-के वर लावा. पिक्सेल चौपट झाले. कार्डाला समजा २० मिलिसेकंद लागायला लागले, तर एफपीएस ५० वर येतो आणि रिकामं बसायची पाळी प्रोसेसरची. मशीन तेच, दोन्ही पार्ट तेच. मग त्या १८ टक्क्यांचं काय करायचं?

व्हॅलोरंट किंवा सीएस२ लो सेटिंगवर १०८०पी ला खेळाल तर प्रोसेसर आधी दमतो. सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढणं) लावून खेळाल तर बहुतेक वेळा कार्ड आधी दमतं. एकाच गेममध्येसुद्धा पारडं फिरतं. बाल्डर्स गेट ३ मध्ये सुरुवातीच्या मोकळ्या भागात जी मशीन आरामात चालते, तीच तिसऱ्या अंकातल्या गजबजलेल्या शहरात शिरली की गडबडते. तिथे माणसं जास्त, त्यामुळे प्रोसेसरचं कामही जास्त.

आणि बॉटलनेक शून्य असलेली मशीन नसतेच. दोघांपैकी कोणीतरी कायम थांबलेला असणार. माझं मत विचाराल तर थांबणारा प्रोसेसर असावा. कार्ड पूर्ण भरलेलं असताना गेम साधारण एकसारखा चालतो. प्रोसेसर कमी पडला की झटके बसतात, आणि ते डोळ्यांना फार खुपतात.

जुन्या आय७ वर नवं कार्ड

कोल्हापूरचा एक मुलगा, आमच्या लांबच्या नात्यातला. बारावीला बरे मार्क पडले म्हणून वडिलांनी आरटीएक्स ४०६० कार्ड घेऊन दिलं. खालची मशीन काकांच्या ऑफिसातून आलेली: आय७-३७७०, डीडीआर३ रॅम. आधी जीटीएक्स १०५० टीआय होतं. नव्या कार्डाला वेगळी पॉवर केबल लागते म्हणून एसएमपीएसही (मशीनला वीज पुरवणारा डबा) नवा घेतला. सगळं जोडलं, व्हॅलोरंट चालू केला, तर आधी १४० च्या आसपास एफपीएस यायचा, आताही तेवढाच. धूर-आगीची गडबड सुरू झाली की ऐंशीवर आपटायचा, तेही आधीसारखंच.

त्याचा निष्कर्ष झटक्यात निघाला: पीस डिफेक्टिव्ह. गेला दुकानात भांडायला. दुकानदाराने कार्ड आपल्या टेस्ट मशीनवर लावून फरमार्क (कार्डावर ताण टाकून बघणारं सॉफ्टवेअर) चालवून दाखवलं, कार्ड ठणठणीत. हा पुन्हा घरी, पुन्हा तेच, पुन्हा दुकानात. तिसऱ्या खेपेला मला फोन. "दादा, तुम्ही चला ना माझ्याबरोबर, तुमचं ऐकतील."

दुकानात जायची गरजच नव्हती. मी एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाकलं, गेममध्ये कोपऱ्यात आकडे आणले. कार्डाचा वापर तीस टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे. प्रोसेसरच्या आठ थ्रेडपैकी (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा) दोन सतत शंभरला टेकलेले. मग रिझोल्यूशन ७२०पी वर आणलं. एफपीएस तेवढाच. मग १०८०पी आणि सगळी सेटिंग हाय केली. तरीही तेवढाच! हे बघून त्याचा चेहरा उतरला. हाय सेटिंगला एकही फ्रेम कमी होत नाही याचा अर्थ कार्डाला घामच फुटलेला नाही. ते आपलं प्रोसेसरची वाट बघत बसलंय.

"पण आय७ आहे ना," हे तो तरीही म्हणालाच.

तर हे एकदा नीट समजून घ्या. आय७-३७७० हा २०१२ चा चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेडचा प्रोसेसर. आय३-१२१००एफ हा २०२२ चा, त्यालाही चार कोअर आणि आठच थ्रेड. पण प्रत्येक कोअर इतका पुढे गेलाय की गेममध्ये हा आय३ त्या आय७ ला सहज मागे टाकतो. आय३, आय५, आय७ ही त्या-त्या पिढीतली पायरी आहे. दहा वर्षांच्या अंतराने तिला काही अर्थ उरत नाही.

शेवटी त्याने रायझन ५ ५६०० प्रोसेसर, एक बी५५० मदरबोर्ड आणि डीडीआर४ च्या दोन स्टिक घेतल्या. जुनी डीडीआर३ नव्या बोर्डात बसत नाही, तो खर्च धरावाच लागतो. कार्ड तेच. व्हॅलोरंट तीनशेच्या पुढे गेला आणि ते आपटणं थांबलं. यातले बरेचसे पैसे आधी प्रोसेसरवर घातले असते तर जुन्या १०५० टीआयवरसुद्धा व्हॅलोरंट बरा चालला असता. पण कार्डाचा बॉक्स मोठा असतो, त्यावर ड्रॅगन-बिगन असतात. प्रोसेसरच्या डबीचा फोटो स्टेटसला कोण ठेवणार?

टास्क मॅनेजर बघून निकाल लावणं

"सीपीयू तर ४० टक्केच वापरतोय, मग तो कमी कसा पडेल?" हे वाक्य ऐकलं की मी चहा ठेवायला उठतो. सीपीयू म्हणजे प्रोसेसरच, आणि टास्क मॅनेजर (कोण किती वापरलं जातंय ते दाखवणारं विंडोजचं पान) दाखवतो तो आकडा सगळ्या थ्रेडची सरासरी आहे. बारा थ्रेडपैकी एक पूर्ण भरला आणि बाकीचे रिकामे असले तर सरासरी आठ-नऊ टक्के दिसते, आणि गेम त्या एका थ्रेडपाशी अडकलेला असतो. म्हणून मी प्रोसेसरचा आकडा आधी बघतच नाही, कार्डाचा बघतो. कार्ड ९५ ते ९९ टक्के असेल तर मर्यादा कार्डाची, विषय संपला. साठ-सत्तरला रेंगाळत असेल आणि एफपीएसला कुठे लॉक लावलेला नसेल, तर घोडं दुसरीकडे पेंड खातंय. व्ही-सिंक (एफपीएसला मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) चालू ठेवून हा तपास करणारे महाभागही भेटलेत.

कार्ड घ्यायच्या आधीसुद्धा हा तपास होतो आणि फुकट होतो. आहे त्या मशीनवर तुमचा गेम अगदी कमी रिझोल्यूशनला आणि लो सेटिंगला चालवा. जो एफपीएस येईल ती साधारण तुमच्या प्रोसेसरची धाव. नवं कार्ड त्याच्या फारसं पुढे नेणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण रील बघून ऑर्डर टाकायची घाई असली की पाच मिनिटंही जड जातात.

रॅमची एकच स्टिक

"नंतर अजून एक टाकीन" म्हणून १६ जीबीची एक स्टिक घेतात आणि ते नंतर कधी उजाडत नाही. एका स्टिकवर मेमरी सिंगल चॅनेलवर चालते, म्हणजे प्रोसेसरला डेटा मिळायचा रस्ता अर्धा. त्याचा फटका प्रोसेसरवर अडकणाऱ्या गेमना बसतो, आणि लोक समजतात जोडी चुकली. ८ जीबीच्या दोन घ्या. चार स्लॉटच्या बोर्डावर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते बघा.

बॉक्सवर ३२०० लिहिलंय म्हणून रॅम ३२०० ला चालतेच असंही नाही. बऱ्याच स्टिक बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅमला बॉक्सवरचा वेग देणारा पर्याय, चालू करेपर्यंत २१३३ किंवा २४०० वर रेटत राहतात. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर वेग दिसतो. आत्ता उघडून बघा, वाचायला मी थांबतो. कोणाची मशीन माझ्यासमोर आली की मी पहिल्यांदा हेच बघतो, आणि कितीतरी "बॉटलनेक" बायोसमधल्या या एका ओळीने गेलेत.

५६००जी घेऊन "कार्ड पुढच्या वर्षी"

कार्ड घ्यायचंच नसेल तर रायझन ५ ५६००जी (आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर) छान आहे. पण कार्ड येणार हे नक्की असेल तर हा रस्ता मला पटत नाही. साध्या ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ एमबी, जी मध्ये १६. गेमना ही कॅश फार आवडते. ५७००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी या प्रोसेसरांची सगळी कमाल ९६ एमबी कॅशचीच आहे. शिवाय ५६००जी पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्डामधला रस्ता) ३.० वरच थांबतो, ४.० ला जात नाही. ५५०० चंही तेच: १६ एमबी आणि ३.०. नावात शंभराचा फरक दिसतो, पण आत ती जवळजवळ जी चीच चिप आहे, फक्त ग्राफिक्स बंद केलेली.

पीसीआयई ३.० चा मुद्दा सगळ्या कार्डांना सारखा लागू नाही. आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला त्या रस्त्याच्या चारच लेन आणि मेमरी ४ जीबी. ४.० च्या स्लॉटवर कसंबसं चालतं, ३.० वर रस्ता अर्धा होतो आणि मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. म्हणजे ५६००जी आणि ६५०० एक्सटी ही स्वस्तातली जोडी म्हणून सुचवणाऱ्याला दोन्ही पार्ट कळलेले नाहीत. आरएक्स ६६०० ला आठ लेन आणि ८ जीबी, तिथे ३.० वर फारसं बिघडत नाही.

जी प्रोसेसरची आणखी एक गंमत. कार्ड टाकलं तरी एचडीएमआय केबल जुन्या सवयीने मदरबोर्डलाच राहते. डिस्प्ले येतो, त्यामुळे संशयही येत नाही, आणि गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर रखडत चालतो. सांगलीच्या एकाशी मी फोनवर ड्रायव्हर काढ, ड्रायव्हर घाल असा अर्धा तास घालवला, शेवटी म्हटलं कॅबिनेटच्या मागचा फोटो पाठव. इंटेलच्या एफ प्रोसेसरवाल्यांना (त्यात ग्राफिक्स नसतं) निदान काळी स्क्रीन तरी दिसते.

एमएसकॉन्फिगचा जादूटोणा

"रन मध्ये एमएसकॉन्फिग टाका, बूटमध्ये जा, नंबर ऑफ प्रोसेसर्स १२ करा, एफपीएस डबल!" हा व्हिडिओ मरतच नाही. विंडोज सगळे थ्रेड मुळातच वापरतं. ती जागा थ्रेड कमी करून तपासणी करण्यासाठी आहे, वाढवायला नाही. कोणीतरी व्हिडिओत ४ बघून ४ टाकतं आणि सहा कोअरचा प्रोसेसर स्वतःच्या हाताने लंगडा करून ठेवतं. ती खूण काढून टाका, रीस्टार्ट करा. गेम बूस्टर नावाची सॉफ्टवेअरही त्याच पंगतीतली.

उरलेल्या, भराभर

प्रोसेसर कमी पडत असताना डीएलएसएसचं अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनला काढलेलं चित्र मोठं करून दाखवणं) लावून एफपीएस वाढत नाही. त्याने कार्डाचं काम कमी होतं आणि कार्ड तर आधीच रिकामं आहे. तिथे गर्दीची घनता आणि लांबवरचं दिसणं या सेटिंग कमी करा. रे ट्रेसिंगही बंद करा, ते प्रोसेसरलाही पिळतं.

आय७-१२७०० सारखा प्रोसेसर सगळ्यात स्वस्त एच६१० बोर्डावर बसवू नका. बोर्डाचा पॉवरचा भाग तापला की प्रोसेसरचा वेग उतरतो.

इंटेलचं आर्क बी५८० कार्ड किमतीला झकास आहे, पण जुन्या, कमी ताकदीच्या प्रोसेसरवर त्याच्या ड्रायव्हरचा भार जाणवतो. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या मशीनवर तर त्याचा विचारच करू नका.

उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडून येणाऱ्या तक्रारींत मी जोडीआधी तापमान विचारतो.

६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरवर १२० आणि २०० एफपीएसमधला फरक शोधू नका, आधी मॉनिटर घ्या. १४४ हर्ट्झचा घेतलाच तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो खरंच १४४ वर आहे का ते बघा, बऱ्याच घरी तो वर्षभर ६० वरच असतो. व्हॅलोरंटसारखे गेम सोडले तर मी स्वतः एफपीएसला १४० चा लॉक लावून ठेवतो. प्रोसेसरला जरा श्वास मिळतो, झटके कमी होतात आणि रात्री पंख्याच्या आवाजावरून घरच्यांची बोलणीही बसत नाहीत.